पंपाचं धुवण

विकायची भाजी वेगळी आणि खायची वेगळी, हे आमच्याकडं कुणी कुणाला शिकवत नाही. पिंपळवंडीच्या शिवारात कुणाच्याही विहिरीवर जा, मोटरच्या खोलीजवळ दोन-तीन वाफे निराळे दिसतील. चार फ्लॉवर, चार कोबी, एक ओळ मुळ्याची, थोडी मेथी, कोथिंबीर, वांग्याची पाच-सहा झाडं. हा घरचा वाफा. त्याला औषध मारायचं नाही. पलीकडं एकरभर फ्लॉवर उभा असतो, त्यावर आठवड्याला फवारा चालतो, तो गाडीत भरून मार्केटला जातो आणि कोण खातो ते आपल्याला माहीत नसतं. यात काही चूक आहे असं लहानपणी मला वाटलं नाही. मोठेपणी वाटलं, तेव्हा मी घरात मोठमोठी भाषणं दिली आणि पुण्याला जाताना पिशवीत घरच्या वाफ्यातलीच भाजी घेतली.

आमचा वाफा आईचा. ती सकाळी उन्हं तापायच्या आत पानं उलटीपालटी करून अळ्या वेचते आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाकते. फ्लॉवरवरची ही अळी बारीक, हिरवी, बोट लावलं की धागा सोडून खाली लोंबकळणारी. पान खाते पण वरचा पापुद्रा शिल्लक ठेवते, त्यामुळं पानाला खिडक्या पाडल्यासारखं दिसतं. तिचा पुढं नखाएवढा करडा पतंग होतो. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत याच अळीवर काम करते. आई शेजारणींना सांगते, "एवढी शिकवली आन् शेवटी अळ्याच वेचायला लागली." सांगताना तिला माझा अभिमान वाटतो की माझी कीव येते, हे मला आजवर कळलेलं नाही.

अळीवर औषध चालेनासं झालं की आमच्याकडं म्हणतात, अळी सवकली. मला या शब्दाचा राग येतो आणि तो मी पुष्कळदा पावण्यारावळ्यांवर काढलेला आहे. अळी सवकत नाही. ज्यांना मरायचं असतं त्या मरतात, आणि हजारात एखादी जी जन्मतःच जराशी निराळी असते ती मागं राहते. मग शेत तिच्या लेकरांचं होतं. निसर्गाची निवड म्हणतात ती हीच. निवडणारा मात्र इथं पाठीवर पंप घेतलेला माझा धाकटा भाऊ असतो.

हे झालं आहे की नाही ते अळीकडं बघून समजत नाही. मरणारी आणि वाचणारी, दोघी सारख्याच हिरव्या. ते तिच्या डीएनएत बघावं लागतं. एका शेतातल्या पुष्कळ अळ्या घेतल्या की प्रत्येकीत थोडा थोडा फरक असतो, इथं एक अक्षर वेगळं, तिथं दुसरं. पण ज्या एका अक्षरानं जीव वाचवला, त्याच्या आजूबाजूचा सगळा तुकडा त्याच्याबरोबर पुढं येतो. लग्नाचं आमंत्रण एकालाच असतं, पण त्याच्या ट्रॅक्टरवर बसून आलेले सगळे जेवून जातात, तसं. म्हणून त्या ठिकाणी सगळ्या अळ्या एकसारख्या दिसायला लागतात. फरकांचा आलेख काढला की तो पठारावरून चालल्यासारखा चालतो, आणि नाणेघाटाच्या तोंडाशी जमीन संपावी तसा एका जागी खाली जातो. पिढ्या उलटतील तसे तुकडे फुटतात, पुन्हा मिसळतात आणि ती दरी अरुंद होत जाते. दरी रुंद असली की समजायचं, ही निवड ताजी आहे, आत्ता चालू आहे.

दोन वर्षांमागं दिवाळीला मी घरी आले ती शंभर नळ्या आणि स्पिरिटची बाटली घेऊन. आठ दिवस भावाच्या मोटारसायकलवरून हिंडले. ओतूरला अळ्या वेचल्या, बेल्ह्याला वेचल्या. बेल्ह्यात नेमका बैलबाजाराचा दिवस होता. रस्त्याकडेच्या कोबीत मी वाकलेली बघून एक व्यापारी टेम्पोतून उतरला आणि गंभीर तोंड करून म्हणाला, "ताई, अळ्यांचा काय भाव चाललाय?" मी त्याला म्हटलं, तुमच्या बैलांपेक्षा जास्त. तो खूश होऊन गेला. मग आंबेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीवर गेले. तिथली माणसं भात आणि नाचणी करतात, घरामागं मुळा आणि मोहरी लावतात. औषधाची बाटली त्या घरात कधी आलेली नव्हती. घरधनीण माझ्या पाठीमागून हिंडत राहिली, कारण आपल्या मोहरीवरच्या किड्यासाठी पुण्याहून बाई येते याची तिलाच लाज वाटत होती.

शेवटी आमचं शेत आणि आईचा वाफा. वाफ्यातल्या अळ्या आईनं स्वतः वेचून दिल्या, लोणच्याच्या फोडी भराव्यात तशा एकेक नळीत भरल्या.

त्याच मुक्कामात मी भावाशी भांडले. तो फवारणी झाली की पंप ओढ्याच्या डोहात धुवायचा. आमचे वडीलही तिथंच धुवायचे, शिवारातले सगळेच धुतात. मी गेले तेव्हा डोहाच्या कडेला बोटाएवढे मासे पांढऱ्या पोटानं पडलेले होते आणि त्यांच्यावर माशी बसत नव्हती. माशी बसत नाही हे मला मासे मेल्यापेक्षा वाईट वाटलं. मी त्याला नको नको ते बोलले. तुम्हाला अक्कल कधी येणार, असंही म्हणाले. त्यानं विचारलं, मग कुठं धुवू? मी म्हणाले, "विहिरीवर धू आणि पाणी कुठंही मातीत सोड. माती सगळं पचवते." हे वाक्य मी कुठल्याशा पुस्तकातलं असल्यासारखं म्हणाले. कुठल्याही पुस्तकात ते नाही. भाऊ पंप उचलून विहिरीकडं निघाला. तो माझं ऐकतो. शिकलेल्या बहिणीचं ऐकायचं असतं असं त्याला लहानपणापासून सांगितलेलं आहे.

आलेख आले. ओतूर, बेल्हे, आमचं शेत, तिन्हीकडं एकाच जागी दरी आणि तीही रुंद. गावं निराळी, शेतकरी निराळे, पण अळ्यांचा तो तुकडा जणू एकाच कागदावरून उतरून घेतलेला. डिंभ्याच्या वरच्या वाडीत मात्र पठार सपाट होतं. फक्त एका अळीत तो तुकडा सापडला. जिथं कुणी औषधाची बाटली फोडलेली नव्हती तिथंही ती येऊन बसली होती. कधी बाटली फुटलीच तर सगळी वाडी तिची होणार होती.

आणि आईचा वाफा. शेतापासून पन्नास पावलं, पतंग इकडून तिकडं उडणारे, तरी वाफ्याच्या नळ्यांत दोन्ही तऱ्हेच्या अळ्या होत्या. कारण साधं होतं. वाफ्यात मरायचं काही कारणच नव्हतं, म्हणून ज्या औषधानं मेल्या असत्या त्याही तिथं जगत होत्या. आमच्या बाईंनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्यांनी, तो आलेख बघून विचारलं, हे शेत कुणाचं? मी म्हणाले, माझ्या आईचं. इतक्या ताठ मानेनं मी माझ्या पदवीचंही नाव घेतलेलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात भावजयीचं पोट पडलं. पाचवा महिना होता. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, कारण सांगता येत नाही. त्या दिवसापासून तिनं शेतातली भाजी तोंडात घालायची सोडली. भावाचे कपडे वेगळे धुवायला लागली. लग्नाकार्यात गेली तर नुसता वरणभात खाऊन यायची. वर्षभरानं पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिनं आईला सांगितलं की मी खाईन तर फक्त आपल्या वाफ्यातलं. आईनं वाफा वाढवला. एकाचे दोन, दोनाचे चार केले. सुनेसाठी पालक लावला, मुळ्याची आणखी एक ओळ धरली. मी फोन केला की भावजय सांगायची, आज मेथी खाल्ली, आज मुळ्याचा पाला खाल्ला, काही काळजी करू नका ताई. मीच तिला म्हणायचे, भाजी भरपूर खा.

गेल्या दिवाळीला मला जाता आलं नाही. नळ्या पाठवून दिल्या आणि आईनंच सगळं वेचून एसटीनं पाठवलं. पार्सल पोचलं म्हणून मी फोन केला तर ती हरखलेली होती. म्हणाली, औंदा वाफ्यावर अळी लई कमी हाय, वेचायला अर्धा तासबी लागत न्हाई. "पोटातल्या बाळाचा पायगुण हाय बघ." मी हसले. माझं पोट अळ्यांवर चालतं आणि मलाच अळ्या कमी का झाल्या असं विचारावंसंही वाटलं नाही. या गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

संक्रांतीच्या आधी आलेख आला. शेताचा होता तसाच होता. वाफ्याचा उघडला आणि मला वाटलं मी पुन्हा शेताचाच उघडला. तीच जागा, तीच दरी, तितकीच रुंद. जुन्या तऱ्हेची एकही अळी नाही. नळ्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील म्हणून सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. बाईंनी दोन्ही आलेख शेजारीशेजारी लावून बघितले आणि त्या म्हणाल्या, "तुमच्या आईच्या शेतात कुणीतरी फवारतंय."

मी म्हणाले, शक्य नाही. त्या म्हणाल्या, अळ्या खोटं बोलत नाहीत. मला त्यांचा इतका राग आला की मी चहाचा कप तिथंच टाकून बाहेर आले. बाहेर येऊन मोजलं. भावजयीला सातवा लागला होता.

फोनवर विचारायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघाले. सगळ्या वाटेवर मी गुन्हेगार शोधत होते. शेजारच्या वावरातून वाऱ्यानं फवारा येत असेल. गड्यानं चुकून मारला असेल. आईचे गुडघे दुखतात, वेचणं होत नाही म्हणून तिनंच चोरून मारला असेल, इथपर्यंत मी पोचले. ही शंका मनात आल्यावर मात्र नारायणगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघितलं नाही.

घरी कुणी नव्हतं, सगळे विहिरीवर होते. आई वाफ्याच्या बांधावर बसली होती. भावजय एक हात कमरेवर ठेवून सावकाश मुळे उपटत होती आणि पदरात धरत होती. ऊन छान पडलं होतं. वाफा इतका हिरवागार आणि स्वच्छ होता की तसा तो माझ्या आठवणीत कधीच नव्हता. मी एक पान उलटं केलं. खिडक्या नव्हत्या. दुसरं केलं. त्यालाही नव्हत्या.

मी तिथंच उभ्याउभ्या विचारलं, वाफ्याला कुणी औषध मारलं का? आई दुखावली. तिनं गळ्यातल्या माळेला हात लावून सांगितलं की या वाफ्याला तिच्या हयातीत औषधाचा थेंब लागलेला नाही आणि ती असेपर्यंत लागणार नाही. भावजयीचा हात पदरावर थांबला. मी शेजारच्या वावराबद्दल विचारलं. ते पावसाळ्यापासून पडीक होतं, त्याचा मालक मुलाकडं गेलेला होता. मी गड्याबद्दल विचारलं. गडी पावसाळ्यापासून नव्हताच. मी उलटतपासणी घेतल्यासारखी एकेक नाव घेत होते आणि आई एकेक खोडून काढत होती.

तेवढ्यात भाऊ फवारणी संपवून शेतातून आला. मला बघून त्याला आनंद झाला. "ताई, कधी आली गं?" असं म्हणत त्यानं पाठीवरचा पंप उतरवला, विहिरीच्या नळाखाली धरून पाण्यानं भरला, हलवला आणि पुन्हा पाठीवर घेतला. आमचं बोलणं चालूच होतं. आई मला म्हणत होती की तुझ्या त्या यंत्राचीच काहीतरी चूक असेल. नळी आणि नोझल धुवायचं तर पाणी फवारूनच बाहेर काढावं लागतं. भाऊ दोन पावलं पुढं आला, दांडा हलवत आमच्यासमोर, आमच्या बोलण्यात मधूनमधून मान डोलावत, त्यानं ते पाणी वाफ्यावर फवारायला सुरुवात केली. मेथीवर, पालकावर, मुळ्याच्या पाल्यावर.

आम्ही तिघी बघत होतो आणि आम्हाला ते दिसत नव्हतं. खरंच दिसत नव्हतं. रोजचं होतं ते. मग वास आला.

मी ओरडले तेव्हा तो दचकला. त्याला कळेना. म्हणाला, "औषध कुठं हाय ह्यात, ताई? पंपाचं धुवण हाय नुसतं. पाणी वाया जाण्यापरीस वाफ्याला दिलेलं बरं." मग माझा चेहरा बघून तो जरा गडबडला आणि स्वतःला सांभाळत म्हणाला, "तूच म्हनली व्हतीस ना, ओढ्यात नको म्हून. माती पचवते म्हनलीस."

म्हणाले होते. दोन वर्षांमागं, याच विहिरीच्या वाटेवर. त्या दिवसापासून आठवड्याला एकदा, कधी दोनदा, अळी सवकली म्हणून त्यानं तीन-तीन औषधं एकत्र केली तेव्हाही, प्रत्येक फवारणीचं धुवण या वाफ्यावर पडलं होतं. घरात कुणी खोटं बोललं नव्हतं. या वाफ्याला कुणी औषध मारलं नव्हतं. मी बहीण म्हणून एक वाक्य बोलले होते, आणि अळ्यांनी ते दोन वर्षं जपून ठेवून मला आलेखात वाचून दाखवलं.

भावजय अजून तिथंच उभी होती. तिनं पदरातले मुळे खाली टाकले नाहीत की काही नाही. तिनं मला अगदी हळू, शाळेत शंका विचारावी तसं विचारलं.

"मग मी इतके दिस काय खाल्लं, ताई?"

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. धुवण पातळ असतं, भाजी धुऊन शिजवली जाते, पोटापर्यंत किती पोचतं कुणास ठाऊक. हे सगळं खरं आहे आणि मी ते म्हणालेही. पण माझा आलेख अळ्यांचा आहे. कोण मेलं, कोण राहिलं एवढंच तो सांगतो, आणि तेही सगळं होऊन गेल्यावर. आई बांधावरून उठली आणि मेथी उपटायला लागली. ओळीच्या ओळी तिनं उपटून काढल्या, मुळ्या झाडल्या आणि ढीग घातला. तिला थांबवायला कुणी पुढं झालं नाही. ढीग शेळीला घालू नका, म्हणाली.

संध्याकाळी तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तपासलं आणि आत्ता तरी ठीक वाटतंय म्हणाले. आत्ता तरी हे दोन शब्द भाऊ येताना गाडीत दोनदा पुटपुटला.

त्याच आठवड्यात शेतातल्या फ्लॉवरवर पुन्हा अळी पडली. पडणारच होती, ती कुठल्याही औषधानं पुरती मरत नाही ते मी पाहिलेलं आहे. मी त्याला ते सांगितलं. तो म्हणाला, खरं असंल तुझं, पण माल उभा हाय. पंप भरून पाठीवर घेतला आणि बांधावर जाऊन थांबला. मागं वळून त्यानं मला विचारलं, त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता, त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"आता धुवू कुठं, सांग."

कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मी त्याला उत्तर दिलं नाही. थोडा वेळ वाट बघून तो शेतात गेला.

पंप आता न धुताच मोटरच्या खोलीत ठेवतात. दार लावलं तरी वास येतो. वाफ्याची जागा मोकळी आहे, तिथं आई काही लावत नाही. भावजयीची भाजी मी पुण्याहून घेऊन जाते, बाजारातली, कुणाच्या तरी एकरातली, तीन पाण्यांनी धुतलेली. ती खाते. कुणाची आहे असं विचारत नाही.

तिचे दिवस भरायला अजून सात आठवडे आहेत. मी रोज सकाळी प्रयोगशाळेत शिरायच्या आधी, जिन्यातच उभी राहून फोन लावते. ती म्हणते, हलतंय, ताई. मी बरं म्हणते आणि पुढं काही विचारत नाही.